शेणाचा डाग

चित्र भिंतीवर चढून पाव तासही झाला नव्हता, तोच आईने काठी फरशीवर टेकली आणि म्हणाली, "हे आपलं नव्हे."

उर्स्युल तेव्हा पाव कापत होती. तिला वाटलं, आई पावाबद्दल बोलतेय, कारण नेव्हेरहून आणलेला पांढरा पाव आईला कधीच आपला वाटला नव्हता. पण आईची नजर चुलीवरच्या भिंतीकडे होती, आणि पाठोपाठ जेर्व्हेदादाही तिकडे बघायला लागला.

पाच आठवडे ती जागा रिकामी होती. ला बुलेझच्या शेतघराच्या या मोठ्या खोलीत चूल कधी विझत नाही. बेचाळीस वर्षांच्या धुराने चित्र इतकं काळवंडलं होतं, की त्यात बैल आहेत हे आधीच ठाऊक असलेल्यालाच बैल दिसायचे. येत्या वसंतात जिल्ह्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात ते मांडायचं ठरलं, कारण चित्रकार ब्राशेने रंगवलेले बाकीचे सगळे बैल आता पॅरिसच्या दिवाणखान्यांत जाऊन उभे होते. गावाकडे राहिलेलं चित्र हे एवढंच. मग काझिमिरने, उर्स्युलच्या नवऱ्याने, ते गोधडीत गुंडाळून पॅरिसला एका साफ करणाऱ्याकडे नेलं आणि आज सेंट मार्टिनच्या सणाच्या जेवणाला परत आणलं. सळईवर हंस फिरत होता, राखेत चेस्टनट तडकत होते आणि नवी दारू सुरईत ओतलेली होती. एवढ्या तयारीवर आईने एका वाक्यात पाणी फिरवलं.

जेर्व्हे उठला. बाबा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, या शेताचा तो मालक होता, आणि मालकाने कसं चालावं हे त्याने बाबांकडूनच उचललं होतं. गळ्यातला रुमाल तसाच ठेवून तो चुलीपाशी गेला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

"शेण कुठं गेलं?" त्याने विचारलं.

कुणी हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता. चित्रात नांगराला जुंपलेली बैलांची एक जोडी आहे. अलीकडे डाव्या बाजूचा फोव्हो, पलीकडे जोलिव्हे, आणि मागे हातात पराणी घेतलेले तरुणपणीचे बाबा. फोव्होच्या पुठ्ठ्यावर लहान मुलाच्या तळहाताएवढा शेणाचा डाग होता. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बाबा आधी तो डाग दाखवत. डोळ्यांना दिसेल तेच रंगवणारा माणूस होता ब्राशे, म्हणत, शेणसुद्धा सोडलं नाही त्याने. लहानपणी दादा आणि उर्स्युल बाकावर चढून त्या डागाला हात लावायची पैज मारायचे. एकदा आईने पकडलं तेव्हा दोघांच्याही मुस्काटात बसली होती. आईने हात उगारल्याची तेवढीच एक आठवण उर्स्युलकडे होती.

आता पुठ्ठा स्वच्छ होता. गव्हाच्या रंगाचा, नुकता खरारा केल्यासारखा.

"शहरातला माणूस बैल रंगवेल," जेर्व्हे म्हणाला, "शेण कशाला रंगवील? त्याला घाण वाटली असणार. ही नक्कल आहे. आपलं चित्र तिकडंच राहिलं."

मग तो वळला आणि त्याने काझिमिरकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

काझिमिर हा बाजारातल्या लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक. नांगराचे फाळ, विळे, साखळ्या, खिळे. बोलणं मोजकं, आणि या घरात आणखीच मोजकं, कारण अठरा वर्षांत इथं त्याला कुणी नीट बसू दिलेलं नव्हतं. त्याने चेस्टनटचं साल टेबलावर ठेवलं.

"चित्र तेच आहे," तो म्हणाला.

"मग शेण?"

"धुताना गेलं असेल."

"इतर काही गेलं नाही. बाबा गेले नाहीत, पराणी गेली नाही, मागचं झाड गेलं नाही. नेमकं शेणच गेलं."

क्लोतिल्दवहिनीने हंसावर चरबी ओतता ओतता, कुणाकडेही न बघता म्हटलं की तिचा मामेभाऊ नेव्हेरच्या स्टेशनवर तिकिटं फाडतो, आणि त्याने जावईबापूंना पॅरिसच्या गाडीत तीनदा बघितलं. "चित्र न्यायची एक फेरी. आणायची एक. मधली कुठली, वन्सं, तुम्हाला ठाऊक असेलच."

उर्स्युलला ठाऊक नव्हती. मधल्या त्या मंगळवारी काझिमिर तारेची भेंडोळी बघायला बुर्ज शहराला गेला होता. निदान तिला तसं सांगून गेला होता.

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि पावाच्या सुरीकडे बघत राहिली.

जेर्व्हेने मग जे सांगितलं ते आवाज न चढवता सांगितलं. जेवण होऊ दे, सणाचा दिवस आहे. जेवण झालं की आपण गाडी जुंपणार आणि ठाण्यावर जाऊन तक्रार लिहून देणार. तोपर्यंत कुणाला काही आठवलं तर आठवावं.

याचा अर्थ उर्स्युलला तिथंच कळला. तिच्या दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस शेतकरी होता आणि त्यातला निम्मा दादाच्या ओळखीतला. सासऱ्याचं चित्र बदलून विकणाऱ्या जावयाकडून कोण साखळी घेणार होतं? गुरुवारच्या बाजारापर्यंत बातमी घरोघर पोचली असती. पण तिला खरी भीती दुकानाची नव्हती. गेल्या वसंतात एकदा काझिमिर सहज म्हणाला होता, ब्राशेच्या चित्राला हल्ली काय मागतात ऐकलंस तर हसशील. तेव्हा ती हसली होती. आता ते वाक्य डोक्यातून जाईना. अठरा वर्षं ज्याच्या शेजारी झोपले तो माणूस बुर्ज सांगून पॅरिसला जातो, आणि मला ते वहिनीकडून कळतं.

तिने मीठ आणायच्या निमित्ताने उठून बोळातलं दार मागे ओढून घेतलं.

काझिमिरचा कोट खुंटीला होता. त्याचे खिसे तिने आजवर फक्त धुण्याच्या आधी तपासले होते. आता तिचे हात चोरासारखे चालत होते आणि तिला त्याची लाज वाटत होती, तरी ते थांबले नाहीत. तंबाखूची पिशवी, दोन खिळे, दोरा आणि आतल्या खिशात घडी घातलेलं एक पत्र. पॅरिसचा शिक्का.

दुधाच्या खोलीत खिडकी होती. तिथं साय धरलेल्या परातींमध्ये उभी राहून तिने पत्र वाचलं.

"महाशय, मंगळवारी आपण स्वतः येऊन केलेली विनंती मी पुन्हा विचारात घेतली. माझं उत्तर तेच आहे. मी चित्रं साफ करतो, मळवत नाही. बैलाच्या पुठ्ठ्यावरचा तो डाग चित्रकाराचा नव्हता. गाडीच्या चाकाला देतात तसला रंग काजळीत कालवून तो कुणीतरी बोटाने लावला होता. वाळताना त्यात बोटांचे ठसे राहिले होते, आणि बोट लहान होतं, एखाद्या मुलाचं किंवा बाईचं. त्याखालच्या रेघा मात्र ब्राशे यांच्याच हातच्या आहेत. त्यांचा अर्थ मला कळत नाही, मी शहरातला माणूस. ज्याला कळतो त्याने त्या पाहाव्यात असं माझं प्रामाणिक मत आहे."

ती दुसऱ्यांदा वाचत असताना मागे दार वाजलं. काझिमिर उंबऱ्यावर उभा होता.

"खिसे तपासलेस?"

"हो."

"बरं केलंस. माझ्यानं सांगवत नव्हतं."

तिला रडू आलं आणि त्याच वेळी त्याचा रागही आला. "डाग परत लावायला सांगायला गेला होतात?"

"हो. त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, एवढी हौस असेल तर घरी जाऊन स्वतः लावा." त्याने डोकं खाजवलं. "मी दोन रात्री विचार केला, लावावा का. माझ्याच्यानं झालं नाही. म्हटलं, अंधाऱ्या भिंतीवर कुणाला दिसणार आहे? शेणाची एवढी आठवण काढतील असं वाटलं नव्हतं."

"कसल्या रेघा आहेत?"

"मला कशाला विचारतेस? उजेडात नेऊन तुझ्या भावाला विचार. तो दर गुरुवारी वाचतो तसल्या."

"तुम्ही ओळखल्यात."

"कात्र्या मीच विकतो, उर्स्युल."

जनावरांच्या बाजारात सौदा ठरला की व्यापारी खिशातून कात्री काढतो आणि जनावराच्या पुठ्ठ्यावरच्या केसांत आपली खूण कातरतो. ती कातरली की जनावर त्याचं. मग ते आठवडाभर जुन्या मालकाच्या गोठ्यात का उभं असेना, त्याला दुसरा कुणी हात लावत नाही. इथली शेंबडी पोरंसुद्धा हे सांगतील.

आणि हे बैल बाबांचे नव्हते. तेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते होते लाझारमामाचे.

लाझार हा आईचा धाकटा भाऊ. लग्न करून आई या घरात आली तेव्हा तोही बैलांमागे कामाला आला. चार वर्षं त्याने पगार घेतला नाही, त्याऐवजी दोन वासरं घेतली आणि आपल्या हाताने वाढवली, जुंपायला शिकवली. त्या जोडीच्या जोरावर तो वेगळा नांगर धरणार होता, लग्न करणार होता. पुढची गोष्ट उर्स्युलने बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. ऑक्टोबरचा शेवट. एका सोमवारी पहाटे लाझार दुसरी जोडी घेऊन जंगलात लाकूड ओढायला निघाला, दहा दिवसांसाठी. जाताना कुरणाच्या फाटकाची कडी लावायला विसरला. त्याचे बैल दवाने भिजलेल्या लसूणघासात शिरले, अधाशासारखे चरले, आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत पोटं फुगून दोन्ही मेले. बाबांनी ते चुन्याच्या खड्ड्यात पुरले. लाझार परत आला तेव्हा खड्डा बुजलेला होता. कडी लावली होती, असं तो शपथेवर सांगत राहिला. कुणी विश्वास ठेवला नाही. फाटक उघडं टाकणाऱ्या गड्याला पंचक्रोशीत कोण बैल देणार? पुढची तीस वर्षं त्याने कमरेएवढ्या नदीत उभं राहून लाकडाचे ओंडके ढकलले. आता व्हो गावात एका खोलीत राहतो, गुडघ्यांनी अधू, एकटा. या घरात त्याचं नाव निघतं ते पोरांना ताकीद देताना. फाटक लाव, लाझार होऊ नकोस.

"आधी का नाही सांगितलंत मला?" तिने विचारलं.

"तुझ्या बाबांचं नाव होतं ते." मग त्याने मोठ्या खोलीच्या दाराकडे नजर टाकली. "आणि बोट लहान होतं, असं लिहिलंय त्यानं."

उर्स्युल परत खोलीत गेली ती मीठ न घेताच. तिने बाक ओढला, वर चढली आणि चित्र खिळ्यावरून काढलं.

"हात लावू नकोस," आई म्हणाली.

"का? आपलं नव्हे ना ते."

उर्स्युलने चित्र कवेत धरून अंगणाच्या दारापर्यंत नेलं आणि उंबऱ्याच्या दगडावर चौकटीला टेकवून उभं केलं. आभाळ पांढरं होतं, ऊन नव्हतं, पण उजेड भरपूर होता. "दादा, इकडे ये. ठाण्यावर जायच्या आधी एकदा नीट बघून घे."

जेर्व्हे आला, मागोमाग हात पुसत क्लोतिल्द. तो गुडघ्यावर बसला, बाजारात बसतो तसाच, आणि सवयीने त्याचा अंगठा फोव्होच्या पुठ्ठ्यावरून फिरला. डाग होता त्याच जागी केसांत फिकट रेघा होत्या, इतक्या बारीक, की खोलीत कुणाच्या ध्यानात आल्या नव्हत्या.

"कात्रीची खूण आहे," तो म्हणाला. "एक आडवी, दोन तिरक्या. उत्तरेकडचे व्यापारी अशी करतात, ते बिटाच्या मळ्यांसाठी बैल नेतात ना, ते."

"किती दिवसांची?"

"ताजी. केस अजून वर आलेले नाहीत. दोन दिवसांची, फार तर तीन." हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता, कारण जनावर वाचायला त्याला आवडायचं. मग बोटं जागच्या जागी थांबली.

क्लोतिल्दला अजून उमगलं नव्हतं. "मग काय झालं? विकले असतील बैल. बैल विकतातच की."

"मामा त्या जोडीला रोज सकाळी खरारा करायचा," उर्स्युल म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "तो इथं असताना ही खूण झाली असती तर त्याला पहिल्या दिवशी दिसली असती. म्हणजे तो जंगलात गेल्यावर झाली. आणि बाबा सांगायचे की तो गेला त्याच दिवशी दुपारी बैल मेले." तिने भावाकडे बघितलं. "दादा, मेलेल्या बैलाला कुणी कात्री लावतं का?"

जेर्व्हे उठला नाही. दारातून समोर वरचं कुरण दिसत होतं, आणि त्यात त्याची तीस पांढरी जनावरं माना खाली घालून चरत होती. ते कुरण बाबांनी त्याच्या जन्माच्या आधीच्या हिवाळ्यात घेतलं होतं. घराण्याची भरभराट तिथून सुरू झाली, असं बाबाच सांगायचे. दादा कुरणाकडे बघतोय हे उर्स्युलने पाहिलं आणि तिला त्याची कीव आली.

पण ती फार वेळ टिकली नाही. जेर्व्हेने गुडघे झटकले, चित्र आत घेऊन दार लोटलं, आणि एकदम मऊ आवाजात काझिमिरला "भावोजी" म्हणून हाक मारली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. उर्स्युलने कान टवकारले.

त्याचं म्हणणं असं होतं. चित्र ही नक्कलच आहे असं धरून चालू. ठाणं नको, तक्रार नको, चोरीचा शब्द नको. पॅरिसमध्ये भोळ्या माणसाला फसवलं, खरं चित्र ठेवून घेतलं, हे हातात टेकवलं. असं कुणाबरोबरही घडतं. प्रदर्शनवाल्यांना तसं कळवू आणि हे माळ्यावर टाकू, तोंड भिंतीकडे करून. बाबा गेले, मामाचेही किती दिवस राहिलेत. आता जुनी राख उकरून कुणाचं भलं होणार आहे?

"म्हणजे यांनी मूर्ख ठरायचं," उर्स्युल म्हणाली.

"घरासाठी."

क्लोतिल्दने लगेच होकार भरला. घटकेपूर्वी तीन फेऱ्या मोजणारी तीच आता म्हणू लागली की भावोजी किती समंजस आहेत, तिने नेहमीच म्हटलंय तसं. काझिमिर उंबऱ्याकडे बघत होता. तो हो म्हणणार हे उर्स्युलला दिसत होतं, आणि तो खरंच म्हणाला.

"चालेल. मूर्ख ठरल्यानं खिळे विकायचे थांबत नाहीत."

त्या क्षणी तिला त्याच्याबद्दल जी माया वाटली ती लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती. मघापासून आपण त्याच्यावर संशय घेतला, याचं तिला वाईट वाटलं. आणि मग ती भडकली. किती सोपं होतं हे. घराबाहेरचा एक माणूस धरायचा, जो उलट बोलणार नाही, आणि आपली घाण त्याच्या अंगावर टाकून वर चांगुलपणानं बोलायचं. बेचाळीस वर्षांपूर्वी याच खोलीत, याच चुलीपाशी असंच बोलणं झालं असणार.

"नाही," ती म्हणाली. "आधी आईला विचारू."

आई जागची हलली नव्हती. सळई फिरवायला कुणी नसल्याने हंस एका बाजूने करपत होता आणि त्याचा वास खोलीभर झाला होता. उर्स्युल तिच्या पुढ्यात खाली बसली. आईचे हात काठीच्या मुठीवर होते, सुरकुतलेले, नखं कापलेली, आणि बोटं लहान, इतकी लहान की तिच्या हातमोज्यांत उर्स्युलचा हात तेराव्या वर्षापासून शिरत नव्हता.

"चित्र साफ करणाऱ्यानं लिहिलंय की डाग बोटानं लावलेला होता," उर्स्युल म्हणाली. "बाईच्या."

आईने चुलीकडे बघितलं. "सळई फिरवा कुणीतरी."

काझिमिरने जाऊन ती फिरवली.

"तुला माहीत होतं आपलं चित्र आहे ते," उर्स्युल म्हणाली. "पहिल्या नजरेत माहीत होतं. तरी तू म्हणालीस, आपलं नव्हे. यांना ठाण्यावर नेतील, ते चालणार होतं तुला?"

जेर्व्हेने मध्येच "आई, काही बोलू नकोस" असं म्हणून पाहिलं, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"चित्र लाझार इथं असतानाच सुरू झालं होतं, खूण तेवढी नंतर चढली. ब्राशेला मी हात जोडले होते," आई म्हणाली. "म्हटलं, तेवढं पुसा. तो म्हणाला, बाई, जे आहे ते आहे. चित्र देऊन तो निघून गेला, आणि लाझार दोन दिवसांनी यायचा होता. आला की तो चित्रात आधी फोव्होच बघणार. माणसांकडे नंतर. म्हणून मी गाडीखान्यातला रंग घेतला."

"बाबांनी सांगितलं?"

"बाबांना तेवढं सुचलं नसतं." यात अभिमान होता की काय, हे उर्स्युलला कळलं नाही. "कुरण मिळत होतं. पुन्हा मिळालं नसतं. मला पाचवा महिना होता, हा पोटात." तिने काठीचं टोक जेर्व्हेकडे केलं. "मला म्हणाले, लाझारला पुढं दुसरी जोडी देऊ. मी म्हटलं, बरं."

"दिली?"

"तो गेला होता तोवर."

क्लोतिल्द बाकावर बसली. या घरात येऊन तिला वीस वर्षं झाली होती, आणि तिनेही आपल्या पोरांना लाझार होऊ नका म्हणून सांगितलं होतं.

"आणि कडी?" उर्स्युलने विचारलं.

"कडी लावलेली होती," आई म्हणाली. "मी बघितली होती. तो गेल्यावर धारा काढायला गेले तेव्हा. दोरीही गुंडाळली होती वर, तो नेहमी गुंडाळायचा."

एवढं बोलून ती थांबली. मग कुणी न विचारता, आवाज अजिबात न बदलता पुढे बोलली. त्या हिवाळ्यात लाझार एकदा आला होता. बर्फ पडत होतं, बाबा बाजारात गेले होते. दार वाजवून त्याने बाहेरूनच तिला नावाने हाक मारून विचारलं, फिलिबेर्त, मला बाकी काही नको, तू धारेला जातेस, तू बघितलं असशील, एवढंच सांग की कडी लावलेली होती. मला आता माझाच भरवसा वाटत नाही. तो बराच वेळ उभा होता. ती आत, आता बसली आहे त्याच खुर्चीत बसली होती.

उर्स्युलला वाटलं होतं की आपल्याला आईचा राग येईल. रागाच्या आधी भीती वाटली. या बाईने आपल्याला वाढवलं, आपल्या तापात रात्र रात्र जागून काढली, आणि तिच्यात हे होतं, बेचाळीस वर्षं, कधी चेहऱ्यावर न दिसता.

ती उठली, गोधडी आणली आणि चित्र गुंडाळू लागली. काझिमिरने न सांगता दुसरं टोक धरलं.

"कुठं नेता?" जेर्व्हेने विचारलं.

"व्होला. मामाकडे."

"चित्र माझ्या भिंतीवरचं आहे."

"भिंत तुझी," आई म्हणाली. "बैल त्याचे होते."

यावर जेर्व्हे दारातून बाजूला झाला. क्लोतिल्दने हंसाचा न करपलेला अर्धा भाग कापून फडक्यात बांधला आणि उर्स्युलच्या हातात दिला. मग स्वभावाला औषध नसल्याने म्हणाली, "म्हणजे शेवटी चित्र घेऊन जावईबापूच चालले." काझिमिर त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

चित्र गाडीत मागे उभं बांधलं. दोरी आवळून होईतो आई काठी टेकत अंगणात आली होती, अंगावर जाड शाल, पायांत सणाचे चामडी जोडे. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. काझिमिरने तिला उचलून वर बसवलं, आणि ती पुढे बसायला तयार होईना, गोधडीला पाठ टेकून मागेच बसली.

जेर्व्हेने पुढे होऊन फाटक उघडलं. गाडी बाहेर पडल्यावर त्याने ते लोटलं, कडी लावली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, दोरीही वर गुंडाळली. ती गुंडाळून होईपर्यंत आई त्याच्या हातांकडे बघत होती.

व्हो तिथून दोन तासांवर. पहिला चढ घोड्याने मुकाट्याने काढला. वर पोचल्यावर काझिमिरने लगाम सैल सोडला आणि मागे न बघता विचारलं, "दार उघडतील का हो ते?"

उर्स्युलला उत्तर ठाऊक नव्हतं. तिने मान वळवली. आईने एक हात गोधडीवर ठेवला होता.

"मी नव्हतं उघडलं," आई म्हणाली. "चल, हाक."